व्हॉट्सॲप ग्रुप की गूगल क्लासरूम? गोव्यातल्या मराठी शाळेने ठरवताना

नवे शालेय वर्ष आले की शिक्षकांच्या खोलीत हा विषय निघतोच. पालकांना निरोप द्यायला आणि मुलांना अभ्यास द्यायला काय वापरायचे? माझे मत आधीच सांगते. ही दोन वेगळी कामे आहेत. दोन्ही एकाच ग्रुपवर ढकलली की पहिला फटका बसतो तो अभ्यासात मागे असलेल्या मुलाला.

निरोपाच्या कामात व्हॉट्सॲपला तोड नाही. पावसाचा रेड अलर्ट येतो, शाळा बंद ठेवायचे रात्री ठरते, आणि तो निरोप सत्तरी तालुक्यातल्या वाड्यापर्यंत सकाळच्या आत पोचावा लागतो. नाहीतर मूल भर पावसात बालरथाची, म्हणजे शाळेच्या बसची, वाट बघत उभे राहील. व्हॉट्सॲपसाठी पालकांना नवे काही उतरवून घ्यावे लागत नाही, पासवर्ड लक्षात ठेवावा लागत नाही. त्याहून मोठी सोय म्हणजे बोलून पाठवलेला निरोप. आपल्या सरकारी मराठी प्राथमिक शाळांत कर्नाटकातून आलेल्या कष्टकरी कुटुंबांची मुले बरीच असतात. त्यांच्या आयांना मराठी समजते, पण वाचता येतेच असे नाही. ‘उद्या बुधवारी शाळा बंद. गाडी येणार नाही. गुरुवारी नेहमीच्या वेळी या,’ एवढे बाईंच्या ओळखीच्या आवाजात ऐकले की त्यांची खात्री पटते. पाठवलेल्या निरोपावर बोट दाबून ‘माहिती’ उघडली की कोणी वाचला तेही कळते. उरलेल्या घरी फोन करायचा.

अभ्यास देण्याघेण्यासाठीच्या गूगल क्लासरूममध्येही पालकांसाठी सोय आहे. कोणता अभ्यास राहिला, पुढे काय आहे, याचा रोजचा किंवा आठवड्याचा सारांश पालकांना ईमेलने जातो. पण त्यासाठी शाळेकडे गूगलची शिक्षणसंस्थांसाठीची खाती असावी लागतात. बाईंनी स्वतःच्या जीमेलवरून उघडलेल्या वर्गात ही सोय मिळत नाही. शिवाय कुंडईच्या कारखान्यात रात्रपाळी करून आलेले वडील ईमेल उघडून बसतील, असे मला वाटत नाही.

अभ्यासाच्या बाबतीत मात्र पारडे फिरते. ग्रुपवर वह्यांचे फोटो मागवले की काय होते ते पाहा. चौथीतल्या मुलाने भागाकारात बाकी चुकीची लिहिली. बाई तिथेच लाल खूण करून फोटो परत टाकतात, आणि ती चूक वर्गातल्या प्रत्येक घरी दिसते. खाली दुसऱ्या कोणाच्या सुबक वहीला टाळ्या मिळतात. ज्याची वही रोज अशी दिसते ते मूल काही दिवसांनी फोटो पाठवणेच सोडते, आणि त्याची आई ग्रुपवर प्रश्न विचारणे सोडते. क्लासरूममध्ये वही फक्त शिक्षकाला दिसते, शेरा फक्त त्या मुलाला दिसतो. कोणाचे काम आले, कोणाचे राहिले याची यादी आपोआप तयार होते. फोटोंच्या ढिगात शोधावे लागत नाही. माझ्या दृष्टीने हे एकच कारण पुरेसे आहे.

अडचणी आहेत. भारतात १३ वर्षांखालील मुलाला स्वतःहून गूगल खाते काढता येत नाही, पालकांच्या देखरेखीखालचे खाते लागते. घरात फोन एकच असतो आणि तो वडिलांबरोबर संध्याकाळी घरी येतो. सांगे-काणकोणच्या आतल्या गावांत रेंज कुठल्या वळणावर मिळते हे मुलांना पाठ असते. म्हणून पाचवीपर्यंत क्लासरूमच्या मागे लागू नका. तिथे वही शाळेतच तपासा आणि फार तर त्या मुलाच्या आईला वेगळा निरोप पाठवा. आठवीपासून पुढे क्लासरूम जरूर आणा, पण ‘आज पाचपर्यंत’ अशी मुदत नको. दोन-तीन दिवस द्या, म्हणजे फोन हाती यायला एखादी रात्र मिळते.

टेलिग्राम चॅनेलवर मोठ्या फाइली राहतात आणि पालकांचे नंबर एकमेकांना दिसत नाहीत, पण तेवढ्यासाठी नवे ॲप घ्यायला लावणे मला पटत नाही. व्हॉट्सॲप कम्युनिटीच्या (अनेक ग्रुप एकत्र जोडणाऱ्या सोयीच्या) घोषणा-गटातही नंबर इतर सदस्यांपासून झाकलेले राहतात. २०१७ साली सुरू झालेल्या ‘दीक्षा’ या सरकारी शैक्षणिक ॲपवरचे पाठ उतरवून नेटशिवाय दाखवता येतात. मात्र तिथला मराठी मजकूर मुख्यतः महाराष्ट्राच्या पुस्तकांना धरून आहे, तेव्हा आपल्या धड्याशी जुळतो का ते आधी बघून घ्या.

व्हॉट्सॲप घेणार असाल तर पहिल्याच दिवशी ‘फक्त ॲडमिन लिहू शकतील’ ही सेटिंग लावा. ती नसेल तर सुप्रभाताच्या फुलांखाली परीक्षेचे वेळापत्रक गाडले जाते. मुलांचे फोटो टाकण्याआधी पालकांची लेखी संमती घ्या; २०२३च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालची प्रत्येक व्यक्ती बालक आहे. आणि ग्रुप बाईंच्या खाजगी नंबरवर नको. शाळेचे वेगळे सिम घेऊन त्यावर व्हॉट्सॲप बिझनेस चालवा. ते फुकट आहे आणि शाळेच्या वेळेनंतर आपोआप उत्तर जाईल अशी सोय त्यात करता येते. उद्या बाईंची बदली पेडण्याला झाली तरी नंबर आणि ग्रुप शाळेकडेच राहतील.