निवृत्तीनंतरचा मुक्काम: च्यांग माई की पेनांग?

निवृत्तीनंतर उष्ण कटिबंधातल्या एखाद्या देशात जाऊन राहण्याचा विचार ज्यांनी पक्का केला आहे, त्यांच्या यादीत शेवटी अनेकदा दोन नावे उरतात: थायलंडमधील च्यांग माई आणि मलेशियातील पेनांग. आम्ही पती-पत्नींनी दोन्ही ठिकाणी भाड्याच्या घरात राहून पाहिले आणि अखेर पेनांगला बस्तान बसवले. खासगी रुग्णालये, बाजारहाट, विमानसेवा यांबाबत दोन्हीकडे तक्रारीला फारशी जागा नाही, त्यामुळे त्या तपशिलात मी शिरत नाही.

प्रवेशाच्या अटींचा विचार केला, तर आज च्यांग माईचे पारडे निःसंशय जड आहे. वयाची ५० वर्षे पूर्ण असावीत आणि थायलंडच्या बँकेत ८ लाख थाई बात किंवा दरमहा ६५ हजार बात उत्पन्न दाखवता यावे, एवढ्यावर वास्तव्याची वर्षभराची मुदतवाढ मिळते. अर्थात ती दरवर्षी नव्याने घ्यावी लागते, दर ९० दिवसांनी आपला पत्ता कळवावा लागतो आणि पुनर्प्रवेशाचा परवाना न घेता देशाबाहेर पाऊल टाकले तर ती मुदतवाढच संपुष्टात येते. परदेशी लोकांना दीर्घकाळ राहू देणाऱ्या मलेशियाच्या ‘माय सेकंड होम’ योजनेत २०२१ पूर्वी पन्नाशी ओलांडलेल्या अर्जदाराला दीड लाख रिंगिटची मुदत ठेव पुरत असे, आणि आम्ही त्याच काळात आलो. २०२४ पासून सर्वसाधारण श्रेणींपैकी सर्वांत खालच्या, म्हणजे रौप्य श्रेणीसाठीही दीड लाख अमेरिकी डॉलरची ठेव आणि किमान ६ लाख रिंगिटचे घर घेण्याची अट आहे; शिवाय परदेशी खरेदीदारासाठी प्रत्येक राज्याची किमान किंमत निराळी असते. त्या बदल्यात पाच वर्षांचा व्हिसा मिळतो आणि दरवर्षीची धावपळ वाचते. थायलंडमध्ये परदेशी माणसाला जमीन स्वतःच्या नावावर घेता येत नाही. सदनिका घेता येते, पण तीही इमारतीतल्या सर्व परदेशी मालकांची मिळून ४९ टक्के क्षेत्राची मर्यादा पाळूनच.

हवेबाबत मी च्यांग माईला हिवाळ्याचे पूर्ण गुण देईन. डिसेंबर-जानेवारीत तिथे रात्री पारा १५ अंशांपर्यंत उतरतो, सकाळी अंगावर शाल घ्यावीशी वाटते, आणि ही चैन पेनांगमध्ये कधीच मिळत नाही. विषुववृत्तापासून जेमतेम पाच अंशांवरच्या या बेटावर बारा महिने दुपारी ३१-३२ अंश तापमान असते, कपाटातली पुस्तके महिनाभर उघडली नाहीत तर बांधणीवर पांढरी बुरशी धरते आणि थंड वाऱ्यासाठी ८३३ मीटर उंचीच्या पेनांग हिलवर जावे लागते. मात्र फेब्रुवारी ते एप्रिल या काळात च्यांग माईच्या खोऱ्यात शेतातल्या पाचटाचा आणि जंगलातल्या वणव्यांचा धूर कोंडून राहतो; ज्यांना दम्याचा किंवा हृदयाचा त्रास आहे, त्यांनी केवळ यासाठी तरी दोनदा विचार करावा. पेनांगलाही इंडोनेशियातल्या सुमात्रा बेटाकडून धुरके येते, २०१५ आणि २०१९ मध्ये ते चांगलेच जाणवले होते, पण ते दरवर्षी ठरलेले नसते.

तरीही माझा निर्णय धुराने झाला नाही. तो झाला वाचता न येण्याने. च्यांग माईच्या आमच्या इमारतीत एके दिवशी लिफ्टच्या आरशाखाली हाताने लिहिलेला एक कागद चिकटवलेला होता. चार ओळी, खाली वेळेसारखे दोन आकडे. मोबाइलचा कॅमेरा छापील मजकूर बऱ्यापैकी उलगडतो, हस्ताक्षरापुढे मात्र तो हात टेकतो. रखवालदाराने हसून खुणा केल्या, त्यांतून आम्ही लिफ्टची दुरुस्ती असा अर्थ काढला. दुसऱ्या दिवशी पत्नीने केसांना साबण लावला आणि नळ कोरडा पडला. त्या प्रसंगाचे काही मोठे नाही, पण विजेचे बिल, कोपऱ्यावरच्या दुकानातून आणलेल्या औषधाची पट्टी, दारात सरकवलेली सूचना, असे प्रत्येक कागदाशी होऊ लागले, तेव्हा जन्मभर प्रत्येक कागद स्वतः वाचून मगच सही करणाऱ्या मला ते फार लागले. थाई वर्णमाला आपल्यासारखीच क-ख-च या क्रमाने चालते, त्यामुळे देवनागरी वाचणाऱ्याला आरंभी मोठा धीर येतो; पुढे एकाच उच्चाराची अनेक अक्षरे, स्वराघाताचे नियम आणि शब्दांमध्ये न सोडलेली जागा यांमुळे साठीनंतरच्या स्मरणशक्तीचा कस लागतो. पेनांगमध्ये मलय भाषा रोमन लिपीत लिहिली जाते. शब्द अनोळखी असला तरी तो वाचता येतो, उतरवून घेता येतो, शब्दकोशात शोधता येतो, फोनवर कुणाला तरी अक्षरे सांगून विचारता येतो. शिवाय पेनांगच्या जॉर्ज टाउन शहरात दुकानदारापासून परिचारिकेपर्यंत पुष्कळांना इंग्रजी येते, आणि रात्री दोन वाजता छातीत नेमके कुठे दुखते आहे हे स्वतःच्या तोंडाने सांगता येणे मला थंड हवेपेक्षा मोलाचे वाटते.

थाई मनापासून शिकून तिथे आनंदाने रुळलेली माणसे मला भेटली आहेत आणि त्यांना माझे हे म्हणणे पटणार नाही. ज्यांचे वय पन्नाशीच्या आसपास आहे, कान तयार आहे आणि पेनांगच्या ठेवीत आयुष्याची पुंजी अडकवायची नाही, त्यांनी च्यांग माई निवडले तर ते योग्यच ठरेल. फक्त लिपीचा अभ्यास निघण्याआधी सुरू करावा, आणि अजमावण्यासाठी पहिले घर भाड्याने घ्यायचे ते डिसेंबरात नव्हे, मार्चमध्ये घ्यावे.