आईच्या पवित्र शास्त्राची नवी बांधणी : खजुरी बाजारातल्या जिल्दसाजांचा अनुभव

आईचं पवित्र शास्त्र, म्हणजे बायबल, नव्याने बांधून घरी आणलं त्या रात्री मी ते स्वयंपाकघराच्या ओट्यावर मधोमध उघडलं आणि दोन्ही हात काढून घेतले. स्तोत्रसंहितेचं पान होतं. ते मिटलं नाही, की उलटलंही नाही. बारा वर्षांनी हे पुस्तक आपलं आपण उघडं राहिलं.

इंदूरला राजवाड्याकडून खजुरी बाजारात शिरलं की वह्या-पुस्तकांच्या दुकानांमधून एक अरुंद जिना वर जातो. वर पाटीवर नुसतं 'जिल्दसाज', म्हणजे पुस्तकं बांधणारा, एवढंच रंगवलंय, मालकाचं नाव नाही. काम करणारे चाचा सत्तरीचे असतील. खाली सतरंजीवर वकिलांच्या फायली आणि शाळेची रजिस्टरं पसरलेली होती. मी पिशवीतून पुस्तक काढलं तेव्हा त्यांनी विचारलं, "दुआ की किताब है?" मी हो म्हटलं. ते उठले, हात धुऊन आले, एक स्वच्छ फडकं टेबलावर अंथरलं आणि मग पुस्तक हातात घेतलं. पुढचे सगळे दिवस ते त्या टेबलावरच होतं, खाली सतरंजीवर एकदाही गेलं नाही. माझा निम्मा विश्वास तिथेच बसला.

हे शास्त्र आईला तिच्या लग्नात नगरला मिळालं होतं. आजोबा मालवा मिलमध्ये नोकरीला लागले आणि आमचं घर इंदूरचं झालं. तेव्हापासून चर्चमध्ये हिंदी आणि घरात मराठी. रविवारी मी हिंदीत मनापासून गाते, पण एकटी गुडघे टेकले की तोंडातून मराठीच येतं. त्यामुळे नवं घ्या, स्वस्त पडेल, असं कोणी म्हटलं की मला काय उत्तर द्यावं कळत नाही. नवं पुस्तक मिळेल, पण त्याच्या समासात आईची पेन्सिल नसेल.

बारा वर्षांपूर्वी मी ते दुसऱ्या एका ठिकाणी बांधायला दिलं होतं, २०० रुपयांत. त्यांनी कण्याच्या बाजूने आरपार भोकं पाडून दोरा ओढला, वरून भरपूर पांढरा डिंक लावला आणि तिन्ही कडा मशीनवर कापून सफाईदार केल्या. दिसायला छान दिसत होतं. पण एका हाताने दाबून धरल्याशिवाय उघडं राहीना, आणि कडांबरोबर समासही गेला. यशयाच्या अडतिसाव्या अध्यायात हिज्कीया राजा मरणाच्या दारात असतो, तो भिंतीकडे तोंड फिरवून प्रार्थना करतो आणि रडतो. त्या ओळीशेजारी आईने लिहिलं होतं, "माझीही भिंत." आता तिथे "माझीही भिं" एवढंच उरलंय. 'त' कापला गेला. तो मी बघितलेला आहे म्हणून मला माहीत आहे. माझ्या मुलांना ते कधी कळणार नाही, याचं मला आजही वाईट वाटतं.

ती भिंत आमच्या मालवा मिलजवळच्या घरातली. दोन खोल्यांत आम्ही सात माणसं. मत्तयाच्या सहाव्या अध्यायात प्रभू सांगतो, आपल्या खोलीत जा, दार लावून घे आणि गुप्तपणे पाहणाऱ्या पित्याची प्रार्थना कर. आईला लावायला दार कुठलं? पहाटे ती कणकेच्या डब्याशेजारी पाट टाकून भिंतीकडे तोंड करून बसायची. शास्त्र मांडीवर उघडं आणि हात जोडलेले. आम्ही आत-बाहेर करायचो, वडील डबा मागायचे, ती वळायची नाही. दहा मिनिटांनी उठून पोळ्या लाटायला घ्यायची. ते पुस्तक तेव्हा मांडीवर उघडं राहत होतं, कारण मूळ शिलाई घडीतून होती.

हेच मी चाचांना सांगितलं. त्यांनी जुना दोरा कापून एकेक फर्मा, म्हणजे एकत्र घडी घातलेल्या पानांचा जुडगा, सुटा केला, डिंक ओल्या फडक्याने भिजवून भिजवून काढला, फाटलेल्या घड्यांना आतून पातळ कागदाच्या पट्ट्या लावल्या आणि मग प्रत्येक फर्मा घडीतून शिवला. ते याला जुजबंदी म्हणतात. वेळ लागतो, पण पुस्तक कण्यापासून पूर्ण उघडतं. खळ मैद्याची, त्यात थोडं मोरचूद, म्हणजे कसर लागत नाही. "किनारा काट दूँ, बहनजी?" त्यांनी विचारलं. मी यशयाचं पान काढून दाखवलं. त्यांना मराठी वाचता येत नाही, पण तुटलेला शब्द बघून त्यांनी कटिंगचं नावच काढलं नाही. कडा वर-खाली राहिल्या आहेत, राहू देत.

मागच्या पुठ्ठ्याच्या आत आईने ख्रिस्ती कवी ना. वा. टिळकांचं एक भजन हाताने उतरवून भातानं चिकटवलं होतं. टिळक (१८६१–१९१९) म्हणायचे की मी तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो, आणि ते भजन आई अभंगाच्याच चालीत गुणगुणायची. तो कागद चाचांनी अखंड सोडवून नव्या अस्तरावर लावून दिला. यासाठी वेगळे पैसे घेतले नाहीत. एकूण ७०० रुपये झाले.

तक्रार एकच. सहा दिवस सांगून अकरा लागले आणि फोन आला नाही, विजयनगरहून माझा एक हेलपाटा फुकट गेला. काळं रेक्झिनही जरा चकचकीत आहे. त्यांच्याकडे सुती कापड असतं, ते मागून घ्या.

मधल्या वर्षांत मी मोबाइलवर वाचत होते. रोज तीन-चार अध्याय, वर्षात सगळे ११८९ पूर्ण, प्रत्येकापुढे खूण. रिक्षातसुद्धा वाचलं. वाचन झालं, उपासना झाली नाही. महिला मंडळात माझी प्रार्थना सगळ्यांना आवडायची. शब्द छान जुळायचे, आणि ते जुळतायत याकडे माझं लक्ष असायचं. देवाकडे किती होतं, हे त्यालाच ठाऊक. आता पहाटे पाच वाजता, दूधवाला यायच्या आधी, एकच स्तोत्र घेते. पुस्तक ओट्यावर उघडं, हात मोकळे. बरेचदा शब्द येत नाहीत. शास्त्रातल्या हन्नाचे प्रार्थना करताना नुसते ओठ हलत होते, आवाज नव्हता, आणि एली याजकाला वाटलं ही प्यायलेली आहे. पण देवाने तिचं ऐकलं. मी त्या हन्नाच्या आधाराने बसते. गेल्या मंगळवारी नुसतं "बापा" एवढंच म्हणून उठले. कित्येक वर्षांत इतकी खरी प्रार्थना माझ्याकडून झाली नव्हती.

जायचं असेल तर दुपारी जा, शुक्रवारी नमाजाच्या वेळेला दुकान बंद असतं. कडा कापायच्या नाहीत हे पुस्तक देतानाच सांगा. पुढच्या आठवड्यात मी आईचं भजनांचं पुस्तक घेऊन जाणार आहे, त्याची पहिली बारा पानं सुटली आहेत.