ई-एससीआर : नानावटी निकाल मुळातून वाचण्याची सोय

सर्वोच्च न्यायालयाची ई-एससीआर ही निकालांची विनामूल्य ऑनलाइन सेवा २०२३ पासून सर्वांना खुली आहे, आणि नौदल अधिकारी नानावटी यांच्यावरील खून खटल्याचा २४ नोव्हेंबर १९६१ चा निकाल मुळातून वाचला की तिचे मोल पटते. मुंबईच्या ज्यूरीने (खटला ऐकून मत देणाऱ्या नागरिकांच्या मंडळाने) ८ विरुद्ध १ मतांनी आरोपीला निर्दोष ठरवले होते. सत्र न्यायाधीशांना ते न पटल्याने त्यांनी तेव्हाच्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ३०७ खाली प्रकरण उच्च न्यायालयाकडे सोपवले. ज्यूरीला कायदा समजावून सांगतानाच गंभीर चुका झाल्या असतील, तर उच्च न्यायालय सगळा पुरावा स्वतः तपासू शकते, हे निकाल लिहिणारे न्यायमूर्ती सुब्बाराव ज्या सावकाशीने उलगडतात, ते ऐकीव कहाण्यांतून कधीच कळत नाही. इंग्रजी जड आहे. तरीही कायद्याच्या विद्यार्थ्यांनी शीर्षटिपांवर (आरंभीच्या सारांशावर) न थांबता निकाल पूर्ण वाचावा.