डुक्कर फियाट परत आली, पण इंजिन दुसरंच

गाडीच्या कामासाठी गॅरेजवाल्याला दिलेले एकूण २,७२,५०० रुपये. त्यातले १,८९,५०० बँकेतून गेले आणि ८३,००० रोख. रोखीचा एकही कागद नाही. आकडे आधीच सांगून टाकते, कारण पोलीस ठाण्यापासून नणंदेपर्यंत प्रत्येकाचा पहिला प्रश्न तोच असतो. दुसरा प्रश्न असतो, "त्या जुन्या डब्ब्यावर एवढे पैसे घालायची गरजच काय होती?" या दुसऱ्या प्रश्नाला उत्तर देणं मी सोडून दिलंय. ज्यांच्या घरी जुनी गाडी आहे त्यांना उत्तराची गरज नाही, आणि हे मी त्यांच्यासाठीच लिहितेय.

गाडी १९५७ ची फियाट ११००, म्हणजे डुक्कर फियाट. वडिलांची. पहिली नोंदणी नागपूरचीच. १९५६ मध्ये नागपूर मध्य प्रदेशातून मुंबई राज्यात गेलं, त्याच्या पुढच्याच वर्षीची ती नोंद. आरसी पुस्तकाची पानं पिवळी पडलीत, पण इंजिन नंबर आणि चेसिस नंबर शाईत स्वच्छ वाचता येतात. हे नंबर लक्षात ठेवा, पुढे सगळं त्यांच्यावरच येऊन अडलंय.

मी या छंदात नवखी नाही. पॉइंटचा गॅप लावणं, टॅपेट सेट करणं, कार्बोरेटर खोलून धुणं, ब्रेक शू बदलणं हे सगळं मी घरी पोर्चमध्ये स्वतः करते. वडिलांनी शिकवलं आणि नोकरीही वीज खात्यात झाली, त्यामुळे हात काळे करण्याची लाज कधी वाटली नाही. पण फ्लोअरचा पत्रा सडला होता, दरवाज्यांखालच्या पट्ट्या हाताने भुगा होत होत्या. ते काम घरी होत नाही. त्याला गॅस वेल्डिंग लागतं, डेंटर लागतो, पेंटची जागा लागते. म्हणून गॅरेज शोधलं. हिंगणा रोडकडचं. ओळखीतल्या एका गृहस्थांची जीप तिथल्या गॅरेजवाल्याने खरोखर चांगली करून दिली होती, ती मी डोळ्यांनी पाहिली होती, बॉनेट उघडून पाहिली होती. चौकशी न करता गाडी दिली असं मला कोणी म्हणू नये.

पुढचा क्रम तुम्हाला माहीतच असेल. आधी गोड बोलणं, मग गाडी पूर्ण खोलणं, आणि एकदा का सुटे भाग चार खोक्यांत गेले की गाडीचा मालक बांधला जातो. ॲडव्हान्स ८०,०००. पत्र्याच्या कामाचे ६२,५००. मग "मुंबईहून रबर, बीडिंग, क्रोमच्या पट्ट्या मागवायच्या आहेत" म्हणून ४७,०००. हे तीनही बँकेतून. त्यानंतर पेंट आणि क्रोमचे ५५,००० रोख मागितले, कारण "क्रोमवाला ऑनलाइन घेत नाही जी". शेवटी इंजिनच्या बोअरचे २८,०००, तेही रोख.

त्या ४७,००० ची गोष्ट सांगायलाच हवी, कारण तिथेच सगळं उघड पडायला हवं होतं. तो म्हणाला, "ताई, मुंबईच्या काळ्या-पिवळ्या पद्मिनी टॅक्सी बंद झाल्या. आता सामान भेटणार नाही. जे आहे ते आत्ताच उचलून घ्यावं लागते." बोलणं खोटं नव्हतं. पद्मिनी म्हणजे याच फियाट ११०० ची पुढची, प्रीमियर कंपनीची गाडी. पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईच्या रस्त्यावरून गेल्या हे आपल्याला सगळ्यांना माहीत आहे, आणि तेव्हापासून सुट्या भागांची भीती प्रत्येक फियाटवाल्याच्या मनात आहे. नेमकी ती भीती त्याने वापरली. खऱ्या बातमीला आपला हिशेब चिकटवायचा, ही या लोकांची रीत.

मी म्हटलं, आधी झालेल्या कामाचा फोटो पाठव. संध्याकाळी फोटो आला. लाल ऑक्साइड मारलेला दरवाजा आणि खालची पट्टी, जवळून काढलेला, बाकीची गाडी चौकटीबाहेर. डुक्कर फियाटचे पुढचे दरवाजे उलटे उघडतात. बिजागरी मधल्या खांबाला असते आणि हँडल पुढच्या कडेला, आरशाच्या बाजूला. त्या फोटोत हँडलचं भोक मागच्या कडेला होतं. मी फोटो मोठा करून पाहिला. स्टिअरिंगचा वरचा कड काचेतून दिसत होता, म्हणजे दरवाजा पुढचाच होता, आणि हँडलचं भोक मधल्या खांबाजवळ. तो दरवाजा पद्मिनीचा होता. माझ्या गाडीचा असणं शक्यच नव्हतं.

मी लगेच फोन केला. मी गप्प बसले नाही, हे पुन्हा सांगते. तो क्षणभरही अडखळला नाही. "अरे बाप्पा, पोराने दुसऱ्या गिऱ्हाइकाचा फोटो टाकून देला. दोन फियाटी सोबतच लागून राहिल्या ना इथे. उद्या तुमचा टाकतो." दुसऱ्या दिवशी खरोखर माझ्या गाडीचा फोटो आला. दरवाजा बरोबर, हँडल बरोबर, लाल ऑक्साइड बरोबर. आता सांगा, कोणत्या माणसाने यावर संशय धरला असता? ज्या गॅरेजमध्ये दोन फियाट उभ्या आहेत तिथे फोटोंची अदलाबदल होऊ शकते. मी पैसे पाठवले. पण खरा प्रश्न फोटो चुकीचा का आला हा नव्हताच. माझ्या गाडीशेजारी एक पद्मिनी खोलून का ठेवली आहे, हा होता. तो प्रश्न आज रात्री-अपरात्री मला जागं करतो. कारण पद्मिनीतही तेच १०८९ सीसीचं इंजिन. प्रीमियरने कुर्ल्याच्या कारखान्यात नावं बदलली, बॉडी बदलली, पण इंजिन मूळ तेच चालवलं. एकाचा ब्लॉक, म्हणजे इंजिनचा मुख्य सांगाडा ज्यावर इंजिन नंबर असतो, दुसऱ्यात सरळ बसतो. वरून रंग मारला की दहा वर्षं फियाट चालवणाऱ्यालाही कळत नाही.

मी गॅरेजमध्ये जायचं म्हटलं की कारण तयार असायचं. गाडी पेंटला घेतलीय, धूळ बसेल. मिस्त्री गावाला गेलाय. लाइट गेलीय. ज्या माणसाला तुम्ही न सांगता आलेलं चालत नाही, त्याच्याकडे गाडी ठेवू नका. त्याचं काम कितीही सुबक असो.

गाडी मे महिन्यात मिळाली. दिसायला सुरेख. उन्हात असा रंग चमकला की कॉलनीतली माणसं थांबून फोटो काढत होती. पहिला पाऊस जुलैत पडला आणि डाव्या दरवाज्याखाली रंगाला फोड आले. मी चुंबक घेऊन बसले. खालच्या पट्टीवर वीतभर जागेत चुंबक धरतच नव्हता, हातातून घसरून खाली पडत होता. नखाने टोकरलं तर आत बोटाच्या पेराइतकी पुट्टी, तिच्या मागे जुनाच गंजका पत्रा, आणि त्यावर वेल्डिंगचा एक टाका नाही. ६२,५०० रुपये पत्र्याच्या कामाचे घेतले होते.

तरीही मी म्हणत होते, पत्रा पुन्हा करता येईल. मग टॅपेट लावायला बॉनेट उघडलं आणि ब्लॉकवरचा मळ पेट्रोलच्या बोळ्याने पुसला. नंबर वाचला. आरसी पुस्तक आणलं. पुन्हा वाचला. नंबर वेगळाच होता, एक अंकही जुळत नव्हता. मग नजर एकेका गोष्टीवर जाऊ लागली. मागचा बंपर हलका, नवीन पत्र्याचा. आणि डॅशबोर्डवर वडिलांच्या गाडीचा स्पीडोमीटर मैलांचा होता, त्या जागी किलोमीटरचा बसवलेला. तो मैलांचा स्पीडोमीटर मी लहानपणी मांडीवर बसून वाचायला शिकले होते. तो कोणाच्या तरी गाडीत आज लागलेला असणार आणि त्या माणसाने त्याचे चांगले पैसे मोजले असणार.

विचारलं तर उत्तर, "ब्लॉक क्रॅक होता ताई. मी तुमचंच भलं पाह्यलं. तुम्हाला टेन्शन नको म्हणून सांगितलं नाही." गाडी त्याच्या गेटपर्यंत स्वतःच्या इंजिनवर चालवत मी नेली होती. ऑइलमध्ये पाणी नाही, रेडिएटरमध्ये बुडबुडे नाहीत. क्रॅक ब्लॉक असा चालतो का? जुना ब्लॉक कुठे आहे म्हटलं तर "भंगारात गेला". कोणत्या भंगारात, तेही आठवत नाही.

आणि मग सरकारी दारं.

पोलीस ठाण्यात पहिलं वाक्य, "मॅडम, गाडी तुमच्याकडेच आहे ना? मग चोरी कसली?" मी नंबर दाखवले, आरसी दाखवली, बँकेचं स्टेटमेंट दाखवलं. "हा दिवाणी मामला आहे, कोर्टात जा." मग विचारणा झाली की गॅरेज कोणाच्या हद्दीत. तिथल्या ठाण्यात गेले तर त्यांनी विचारलं, पैसे कुठून पाठवले, राहता कुठे, मग तिकडेच द्या. माझ्यासमोर एका हवालदाराने दुसऱ्याला विचारलं, "यांचे साहेब नाही आले का सोबत?" गाडी माझ्या नावावर आहे. १९३० या सायबर हेल्पलाइनवर फोन केला तर ते म्हणाले, ओळखीच्या माणसाला तुम्ही स्वतः पैसे पाठवलेत, हा सायबर गुन्हा होत नाही. बँकेनेही तेच सांगितलं.

तुम्हाला कोणी हद्दीचं कारण सांगितलं तर ऐकून घेऊ नका. नव्या कायद्यात, म्हणजे १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे, गुन्हा कुठेही घडलेला असो, कुठल्याही ठाण्यात माहिती देता येते. नोंद नाकारली तर तीच तक्रार लेखी वरिष्ठांना पाठवायची, आणि तिथेही काही झालं नाही तर दंडाधिकाऱ्यांकडे जायचं. दिलेला भाग परत न करणं हा न्याय संहितेत कलम ३१६ चा विश्वासघात आणि फसवून पैसे घेणं हे कलम ३१८. हे मला ठाण्यात कोणी सांगितलं नाही, वकिलाने सांगितलं. अर्ज देताना आवक शिक्का मारलेली प्रत मागा. मला ती मिळवण्यासाठी बाकावर बसून राहावं लागलं.

आरटीओत वेगळीच कथा. इंजिन बदललं तर आरसीवर नोंद करावी लागते. त्यासाठी नवीन इंजिनचं बिल हवं, ते ज्या गाडीतून काढलं तिचे कागद हवेत. मी कुठून आणू? ते इंजिन चोरीच्या गाडीचं निघालं तर? खिडकीतल्या माणसाला मी हेच विचारलं. तो म्हणाला, "मग तर तुम्ही अजूनच अडकता." आणि पुढच्या माणसाला हाक मारली.

सगळ्यात मोठा तोटा इथे आहे. २०२१ च्या नियमांप्रमाणे पन्नास वर्षांहून जुन्या, मूळ स्वरूपात जपलेल्या गाडीला विंटेज म्हणून नोंदणी मिळते. नवीन नोंदणीला 'व्हीए' मालिकेचा नंबर, फी २०,०००, मुदत दहा वर्षं. जुनी नोंदणी असेल तर जुना नंबरही ठेवता येतो. मी याचसाठी गाडी करायला घेतली होती. आता ही नोंदणी तपासणाऱ्या समितीपुढे ब्लॉकवर भलताच नंबर असलेली गाडी उभी करून मूळ स्वरूप कसं सिद्ध करू? २,७२,५०० मध्ये हे नुकसान मोजलेलंच नाही.

ग्राहक आयोगात तक्रार दाखल केली आहे. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी लागत नाही आणि दोन वर्षांच्या आत तक्रार करावी लागते, हे लक्षात असू द्या. समोरचा पहिल्या तारखेला आलाच नाही. वकिलाकडून मुदत मागितली.

गाडी देण्याआधी चेसिस आणि इंजिन नंबरावर कागद धरून पेन्सिलने ठसे घ्या आणि त्यावर गॅरेजवाल्याची सही घ्या. सही करायला कुरकुर करणाऱ्याला गाडी देऊ नका. काढलेले भाग, विशेषतः मीटर, घड्याळ, बंपर, दिव्यांच्या रिंगा, तारेने चिठ्ठी बांधून आपल्या घरी आणा. आपल्यासमोर बसवायला परत न्या. रोख देऊ नका. क्रोमवाला ऑनलाइन घेत नसेल तर क्रोमवाल्याकडे स्वतः जा. पत्र्याचं काम रंग मारण्याआधी पाहा, ऑक्साइड मारण्याच्याही आधी, उघड्या धातूवर, आणि तेव्हाच चुंबक लावा. रंगानंतर चुंबक लावून नुसतं दुःख होतं.

मला आता कळलंय की त्याच्याकडे सध्या एक स्टँडर्ड हेराल्ड खोललेली आहे आणि गॅरेजवर पाटी नवीन लागली आहे. त्या गाडीच्या मालकाला मी ओळखत नाही. हिंगणा रोडच्या बाजूला ज्यांनी जुनी गाडी कामाला टाकली असेल त्यांनी फोन न करता, आरसी आणि टॉर्च घेऊन आजच तिथे जावं आणि ब्लॉकवरचा नंबर स्वतः वाचावा. आणि कोणाला मैलांचा स्पीडोमीटर असलेला फियाटचा जुना डॅशबोर्ड किंवा बिनकागदाचं डुक्कर फियाटचं इंजिन विकत घ्यायला सांगितलं गेलं, तर घेण्याआधी मला कळवा. आरसीवरचा नंबर मी दाखवीन.