जळगावचा दोन दिवसांचा उद्योग वर्ग : 1,500 रुपयांत काय मिळालं

मी सावद्याची. घरीच कच्च्या केळीचे वेफर्स तळते. मी, जाऊबाई आणि मदतीला एक बाई. गेल्या वर्षी एका हॉटेलातल्या मोठ्या शिबिराला गेले होते. तिथे "मोठं स्वप्न बघा" म्हणत आमच्याकडून वहीत कोटीचा आकडा लिहून घेतला. तो कुठून आणायचा, हे कोणीच सांगितलं नाही. महिनाभर झोप लागली नाही, आणि धंदा होता तिथेच राहिला. म्हणून मे महिन्यात या वर्गाला धाकधुकीनेच गेले.

शिकवणारे सर बँकेतून निवृत्त झालेले. मी वर्षाचं ध्येय 10 लाख सांगितलं. त्यांनी एवढंच विचारलं, "ताई, दहा किलो केळीतून वेफर्स किती निघतात?" मला सांगता येईना. सात वर्षं तळते आहे, पण कधी मोजलंच नव्हतं! त्या रात्री घरी येऊन काटा लावला. 10 किलो केळी, त्यात साल पावणेचार किलो, आणि तळून हाती आले 2 किलो 600 ग्रॅम.

दुसऱ्या दिवशी सरांनी फळ्यावर उलटा हिशेब मांडला. 280 रुपये किलोने 10 लाख म्हणजे जवळपास 3,570 किलो. वर्षाचे 300 दिवस धरले तर रोज 12 किलो. माझ्या एका कढईत घाण्यामागून घाणे काढले तरी 8 किलोच्या वर जात नाही. त्यातही मे महिन्यात पारा 44-45 वर जातो, तेव्हा सकाळी नऊनंतर चुलीपुढे उभं राहवत नाही. पावसाळ्यात माल सादळतो. श्रावणात आणि नवरात्रात उपवासामुळे मागणी वाढते, पण तेव्हाच केळीही महाग होते. हे सगळं धरून महिन्यामहिन्याचे आकडे काढले, ते वर्षाला 6 लाखांवर आले. आकडा लहान झाला म्हणून वाईट वाटेल असं वाटलं होतं, उलट छातीवरचं ओझं उतरलं.

सगळ्यात मोलाचं म्हणजे ध्येय विक्रीचं धरायचं नाही, वसुलीचं धरायचं. भुसावळच्या दुकानांत माझा माल महिना-महिना उधारीवर असतो. आता वहीत "दिला" आणि "पैसे आले" असे दोन वेगळे रकाने आहेत.

उणिवाही सांगते. एका खोलीत 40 माणसं, म्हणून प्रत्येकाचा हिशेब तपासून होत नाही. मोबाईलवरून विक्रीचा भाग घाईत उरकला. सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योगांच्या केंद्र सरकारच्या योजनेत 35 टक्के, कमाल 10 लाखांपर्यंत अनुदान मिळतं हे सांगितलं, पण बँकेला द्यायचा प्रकल्प अहवाल करायला शिकवलं नाही. माझ्यासारखीला तिथेच हात धरायला कोणीतरी हवं.

जाणार असाल तर आधी आपला माल घरी मोजून घ्या आणि मागच्या तीन महिन्यांची उधारीची वही सोबत न्या. पहिला दिवस वाया जाणार नाही.

जून ते ऑक्टोबर 2 लाख 40 हजार वसुली धरली होती, 2 लाख 26 हजार आले. दुसरी कढई आत्ताच घ्यावी की मार्चमध्ये, हे विचारायला वही घेऊन सरांकडे पुन्हा जाणार आहे. दुसऱ्या भेटीचे ते पैसे घेत नाहीत.