पणजोबांच्या जन्मनोंदीचे ३६,२०० रुपये आणि हातात बनावट नक्कल

पणजोबांची जन्मनोंद काढून देतो म्हणणाऱ्या एजंटने घेतलेल्या पैशांचे आकडे आधीच मांडतो, म्हणजे कुणी ‘किरकोळ गेले असतील’ म्हणायला नको. रेकॉर्ड बघण्याचे ३,५००. जुनी मोडी लिपी वाचून बाळबोधात, म्हणजे देवनागरीत, उतरवण्याचे ८,०००. ‘खऱ्या नकले’चे १८,५००. सही-शिक्क्याचे ६,२००. एकूण ३६,२००. त्यातले फक्त १८,५०० फोनवरून पाठवलेले, बाकी रोख, सोलापूरच्या पार्क चौकातल्या हॉटेलच्या टेबलावर. पावती एकाचीही नाही.

असे एजंट कसे गाठतात हे सोलापुरात सांगायला नको. २०२३ मध्ये कुणबी नोंदींचा शोध सुरू झाल्यापासून जुन्या कागदांना भाव आलाय आणि कचेऱ्यांबाहेर ‘मोडी वाचून देतो’ म्हणणारे उभे राहिलेत. त्यातले काही खरोखर जाणकार आहेत. आमच्या वाट्याला आला तो नव्हता. आम्हाला स्वतःला कुणबी दाखला नको होता, वंशावळीत पणजोबांची जागा रिकामी होती ती भरायची होती. त्यांचं गाव आज अक्कलकोट तालुक्यात, जन्म १९२६ च्या सुमाराचा.

आता त्या कागदाबद्दल. वर ठसठशीत लिहिलेलं, ‘तालुका अक्कलकोट, जिल्हा सोलापूर’. १९२६ मध्ये आमचं गाव अक्कलकोट संस्थानात होतं, संस्थान विलीन झालं १९४८ ला. त्या काळच्या नोंदीवर हा मथळा येईलच कसा? खाली मोडीच्या चार ओळी. खरी मोडी लिहिताना कारकून आधी पानभर आडवी रेघ ओढतो आणि अक्षरं तिला टांगत जातो. शब्द तोडत नाही, हात उचलत नाही, त्यामुळे एकच अक्षर दर खेपेला थोडं वेगळं पडतं. या कागदावर ‘र’ सगळीकडे तंतोतंत सारखा, शब्दाशब्दांत सुबक जागा. संगणकाच्या फॉन्टमध्ये टाइप करून जुनाट कागदावर छापलेलं होतं ते.

पण खरी मेख होती नावाच्या रकान्यात, आणि तिचा विचार आला की अजून डोकं तापतं. तिथे पणजोबांचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव, सगळं होतं. कोतवाल बुकात, म्हणजे जन्म-मृत्यूच्या गाव नमुना नं. १४ मध्ये, बाळाचं नाव बहुतेक वेळा नसतंच. कोतवाल जन्माची खबर बारशाआधीच द्यायचा, बारसं व्हायचं बाराव्या दिवशी. नोंद असते बापाची. अमक्या बिन (म्हणजे मुलगा) तमक्याला मुलगा झाला, जात, तारीख, संपलं. आडनावही पुष्कळदा नसतं, ‘रामा बिन गोविंदा’ एवढ्यावर भागतं. इतकी नेमकी, आजच्या आधार कार्डासारखी नोंद समोर आली तेव्हाच टेबलावरून उठायला हवं होतं. आणि त्याच्याही आधी, नकलेच्या अर्जावर त्याने आमची सहीच घेतली नव्हती तेव्हा. अर्जाशिवाय नक्कल निघत नाही. खऱ्या नकलेवर अर्जाचा क्रमांक, अर्ज आल्याची, नक्कल तयार झाल्याची आणि दिल्याची तारीख, भरलेली फी, ‘खरी नक्कल’ असा शेरा आणि सही असते. आमच्या कागदावर नुसता गोल शिक्का. मात्र सरकारी शिक्का बघून मान झुकवायला आपल्याला शाळेपासून शिकवलंय आणि मोडी घरात कुणाला येत नाही, तर हे ओळखायचं कुणी?

आम्हाला वंशावळीपुरता हवा असलेला हा कागद चुलतभाऊ मात्र मुलीच्या जात पडताळणीला जोडणार होता. पडताळणी समितीचं दक्षता पथक मूळ रजिस्टर काढून बघतं. मूळ पानावर नोंद नसती तर खोटा पुरावा दिला म्हणून ती पोरगी अडकली असती, एजंट नाही.

तक्रारीचं सांगू? रेकॉर्ड रूममध्ये म्हणाले, ‘तुमचा अर्जच नाही, आम्ही काय सांगणार?’ शिक्का तुमच्या कार्यालयाचा आहे म्हटलं तर हात वर. ‘हा शिक्का आमचा नाही’ एवढं तरी लेखी द्या म्हटलं, तेही नाही. पोलिसांत शहर म्हणतं गाव ग्रामीण हद्दीत, ग्रामीण म्हणतं पैसे शहरात दिले. मग ऐकवलं, ‘पैसे तुम्ही आपखुशीने दिले, ही दिवाणी बाब आहे.’ दिवाणी कशी? जन्माच्या सरकारी नोंदीची बनावट हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३३७ खालचा गुन्हा आहे, सात वर्षांपर्यंत शिक्षेचा. फसवणूक कलम ३१८ मध्ये. हद्द कुणाचीही असो, तक्रार कुठल्याही ठाण्यात नोंदवून घ्यावी लागते. नाही घेतली तर पोलीस अधीक्षकांकडे किंवा शहरात आयुक्तांकडे लेखी, आणि मग न्यायदंडाधिकाऱ्यांकडे. हे ठाण्यातल्या माणसाने आम्हाला सांगायचं की आम्ही त्याला? वर ‘मागच्या दाराने कागद काढायला गेलात, तुमच्यावरच येईल’ ही धमकी. ज्याचे पैसे गेले तोच आरोपी!

फोनवरून पैसे गेले असतील तर पहिल्या तासातच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइन नंबरला कळवा. उशीर झाला की खातं रिकामं.

नोंद स्वतः शोधा. तहसीलच्या अभिलेख कक्षात, म्हणजे रेकॉर्ड रूममध्ये, गावाचं नाव आणि अंदाजे सालाच्या अलीकडची-पलीकडची पाच-पाच वर्षं लिहून अर्ज द्या, पोच घ्या. उत्तर नाही आलं तर दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून माहिती अधिकारात अभिलेख तपासणी मागा, तीस दिवसांनी अपील. शोधताना आडनावावर अडू नका, बापाचं आणि आजोबांचं नाव धरून चाला. साल शक असेल तर इसवी सन काढायला ७८ मिळवा. गाव निजामाच्या हद्दीतलं असेल तर फसली साल भेटेल, त्यात ५९० मिळवा. वर्षाचा फरक पडू शकतो. रजिस्टर फाटलेलं किंवा गहाळ असेल तर ‘नोंद आढळत नाही’ असं लेखी घ्या, तोही कामाचा कागद आहे. मग शाळेचं जनरल रजिस्टर, जमिनीचे वारस फेरफार, पंढरपूरच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्या. तुमच्याकडे हेळवी, म्हणजे घराण्यांच्या वंशावळी सांगणारा, येत असेल तर त्याची वही आधी.

मोडी वाचणाऱ्याला फक्त वाचनाचे पैसे द्या आणि तेही फोटो दाखवून. कागद आणून देतो म्हणाला की व्यवहार तिथेच थांबवा.

आणि बनावट कागद रागाने फाडू नका, लॅमिनेशनही करू नका. शाई आणि कागद तपासायचा तर तो आहे तसाच लागतो. साध्या पाकिटात ठेवा, पाकिटावर कुणाकडून, कधी, किती रुपयांना घेतला ते लिहा आणि पोलिसांना देताना जप्ती पंचनाम्याची प्रत मागून घ्या.