सर्टिफिकेटवरची ती एक ओळ

शिबिराच्या तिसऱ्या दिवशी एक मुलगी चढाईच्या कृत्रिम भिंतीवरून पडली. हार्नेस अंगात होता, पण खाली दोर धरणाऱ्या स्वयंसेवकाच्या हातून दोर सुटला आणि ती कोपरावर आपटली. हाड दोन ठिकाणी मोडलं, शस्त्रक्रिया करावी लागली. चूक आमच्या माणसाची होती. त्या रात्री मी तिच्या आईला म्हणाले, "खर्चाची काळजी करू नका, आमच्या संस्थेचा विमा आहे." (विमा कंपनीला न विचारता अशी जबाबदारी कबूल करणं बहुतेक लायबिलिटी पॉलिसींच्या, म्हणजे आपल्यामुळे दुसऱ्याला झालेल्या नुकसानीची भरपाई देणाऱ्या विम्याच्या, अटींविरुद्ध असतं, हेही मला नंतर कळलं.)

दहा दिवसांनी कंपनीचं पत्र आलं. दावा नामंजूर. कारण एका वाक्यात होतं: खेळात किंवा शारीरिक उपक्रमात भाग घेणाऱ्या व्यक्तीला झालेली इजा या पॉलिसीत समाविष्ट नाही. म्हणजे भिंतीखाली उभ्या असलेल्या एखाद्या पालकाच्या डोक्यात काही पडलं असतं तर विमा होता. भिंतीवर चढणाऱ्या मुलांसाठी नव्हता. शिबिर ज्यांच्यासाठी, नेमकी तीच मुलं वगळलेली.

माझ्याकडे मात्र एजंटने दिलेलं विम्याचं सर्टिफिकेट होतं आणि त्यावर स्वच्छ लिहिलं होतं, "सहभागी मुलांसह", पुढे एन्डॉर्समेंटचा, म्हणजे मूळ पॉलिसीला जोडलेल्या बदलाचा, क्रमांक. मी ते घेऊन कंपनीत गेले. तिथल्या अधिकाऱ्यांनी पॉलिसीचं शेड्यूल, म्हणजे तिच्या तपशिलाचा कागद, माझ्यासमोर उघडलं. एन्डॉर्समेंटची यादी शेड्यूलवरच असते, आणि त्या यादीत तो क्रमांक नव्हताच. पॉलिसी नंबर खरा होता, तारखा खऱ्या होत्या, रक्कमही खरी. ती एक ओळ तेवढी एजंटने स्वतः घातलेली होती.

हा माणूस आमच्याकडे आला तो "मी फक्त मुलांच्या संस्थांचंच काम करतो" असं सांगत. त्याला विषय माहीत होता, आणि म्हणूनच आम्ही फसलो. सामान्य पॉलिसीत सहभागी खेळाडू वगळलेले असतात, मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराचे दावे वगळलेले असतात किंवा त्यांच्यासाठी वेगळी, फार लहान मर्यादा असते, स्वयंसेवकांच्या स्वतःच्या गाड्यांतून मुलांची ने-आण झाली तर तिला संरक्षण नसतं, हे सगळं त्यानेच आम्हाला समजावलं. एकही गोष्ट खोटी नव्हती. मग या सगळ्याचा समावेश असलेली खास पॉलिसी म्हणून त्याने त्याच हिशोबाचा जास्त प्रीमियम मागितला. प्रीमियमचा एक भाग चेकने कंपनीच्या नावे, उरलेला "जोखीम तपासणी शुल्क" म्हणून त्याच्या स्वतःच्या खात्यात. कंपनीपर्यंत पोहोचला तो फक्त सर्वात साध्या पॉलिसीचा हप्ता.

प्रस्ताव अर्ज पाहिला तेव्हा मी कोलमडले. "उपक्रमाचे स्वरूप" या रकान्यात लिहिलं होतं: वर्गातील मार्गदर्शन, मुक्काम नाही, साहसी उपक्रम नाहीत. खाली माझी सही. अर्ज कोरा असताना मी सही केली होती, कारण तो म्हणाला, "ताई, तांत्रिक रकाने मी भरतो." विमा घेताना खरी माहिती सांगण्याची जबाबदारी विमा घेणाऱ्याची असते. म्हणजे ती वगळणूक नसती तरी या अर्जाच्या आधारे दावा अडला असता.

पालकांचं संमतीपत्र आपल्याकडे आहे, एवढ्यावर निर्धास्त असलेल्या संस्था मला माहीत आहेत. आम्हीही तशाच होतो. बऱ्याच देशांत पालकांच्या सहीने मुलाचा स्वतःचा भरपाईचा हक्क संपत नाही, आणि दाव्याची मुदत अनेकदा मूल सज्ञान झाल्यावर सुरू होते. आजच्या शिबिराचा दावा दहा वर्षांनीही येऊ शकतो. म्हणून पॉलिसी घटनेच्या तारखेवर चालते की दावा दाखल होण्याच्या तारखेवर, हे विचारलंच पाहिजे. आमची दुसऱ्या प्रकारची निघाली. ती बंद केली आणि नंतर दावे नोंदवण्यासाठीची वाढीव मुदत विकत घेतली नाही, तर नंतर येणाऱ्या दाव्याला काहीच आधार नाही. अमेरिकेतल्या बॉय स्काउट्स संघटनेने 2020 च्या फेब्रुवारीत दिवाळखोरीचा अर्ज केला. त्यानंतर अत्याचाराचे 82,000 हून अधिक दावे तिच्याविरुद्ध आले, त्यांतले कित्येक काही दशकांपूर्वीच्या घटनांचे. भरपाईच्या पैशाचा मोठा भाग विमा कंपन्यांकडून आला, आणि त्यासाठी जुन्या पॉलिसीच कामाला आल्या. मुलांसोबत काम करणाऱ्यांनी पॉलिसीचा एकही कागद फेकू नये, तो एवढ्यासाठी.

मुलीच्या उपचारांचा खर्च आम्ही संस्थेच्या राखीव निधीतून दिला. निधी संपला. पुढच्या दोन मोसमांची शिबिरं रद्द केली. ज्याच्या हातून दोर सुटला तो स्वयंसेवक मुलगा एकोणीस वर्षांचा आहे. तो परत आलेला नाही, आणि त्याला फोन करताना काय बोलावं हे मला अजून सुचत नाही. वैयक्तिक दावा त्याच्यावरही होऊ शकतो. स्वयंसेवकांचा समावेश "विमाधारक" या व्याख्येत आहे का, हे आमच्यापैकी कुणीच वाचलेलं नव्हतं.

एजंटविरुद्ध आम्ही कंपनीकडे, विमा नियामकाकडे आणि पोलिसांत तक्रार केली आहे. पहिल्या भेटीत त्याने विश्वास बसावा म्हणून आपल्या ग्राहक संस्थांची यादी दिली होती. मी त्या सगळ्यांना फोन केले आणि एकच विनंती केली: सर्टिफिकेट बाजूला ठेवा, कंपनीच्या कार्यालयात स्वतः फोन लावा आणि शेड्यूलवरची एन्डॉर्समेंटची यादी वाचून घ्या. दोन संस्थांकडून उलट फोन आला. त्यांच्या यादीतही तो क्रमांक नाही. त्यातल्या एकीचं शिबिर आठ दिवसांवर आलं होतं. त्यांनी ते थांबवलं आहे.